सहा मीटर कापड आणि एक जामा

बंगळूरुच्या चिकपेठेत कापडाच्या दुकानांची दाटी आहे. त्या दाटीतून वाट काढीत एखाद्या जुन्या शिंप्याच्या दुकानापाशी पोहोचावे आणि म्हणावे, "आमच्या नाटकात शहाजीराजांची भूमिका आहे. त्यांच्यासाठी जामा शिवून हवा." तो पहिला प्रश्न कोणता विचारील? राजे कोण, नाटक कोणाचे, प्रयोग केव्हा, यांपैकी काहीही नाही. तो विचारील, "पन्हा किती?" पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. प्रस्तुत लेखिकेने असे एक वयोवृद्ध कारागीर पाहिले आहेत. हा प्रश्न विचारीपर्यंत त्यांनी डोळ्यांवरचा चश्मासुद्धा सारखा केला नव्हता. पन्ह्याचे उत्तर मिळताच मात्र त्यांची बोटे हवेतच कापड दुमडू लागली. असे का व्हावे, हे या पाठात आपणांस समजून घ्यायचे आहे.

तुमच्यापैकी अनेकजण शिवणाच्या यंत्रावर रोज बसत असतील. कोणी तयार कपड्यांच्या कारखान्यात केवळ बाह्या किंवा केवळ कॉलर जोडत असेल. अशा ठिकाणी कापड आधीच कापून येते, आकार आधीच ठरलेले असतात आणि ते कोणी ठरवले हे शिवणाऱ्याला ठाऊक नसते. ज्या वस्त्राचा छापील नमुना बाजारात मिळत नाही, असे वस्त्र शिवावयाचे झाले तर काय करावे? जामा हे असेच एक वस्त्र आहे.

छापील कागदी नमुने ही तशी अलीकडची गोष्ट आहे. वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकण्याचा धंदा अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३ साली सुरू केला. त्यापूर्वीची सारी राजवस्त्रे अशा नमुन्यांवाचूनच शिवली गेली. आपल्याकडे तर आजही गल्लीतला शिंपी कागद न वापरता खडूने थेट कापडावर रेघा ओढतो. तेव्हा नमुना नाही म्हणून अडून बसण्याचे कारण नाही. नमुन्यामागचा हिशेब मात्र आपला आपल्याला मांडता आला पाहिजे.

बंगळूरुशी या वस्त्राचा संबंध जुना आहे. १६३८ साली विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याने केंपेगौडाकडून बंगळूर जिंकून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. येथील त्यांच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथात केले आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तो ग्रंथ १९२२ साली प्रसिद्ध केला. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांचा १६६९ सालचा मराठी शिलालेख मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वर मंदिरात आहे. राज्ये गेली, पण माणसे राहिली. भावसार आणि नामदेव शिंपी या समाजांची अनेक कुटुंबे कर्नाटकात पिढ्यान्पिढ्या वसली आहेत. कापड रंगवणे, छापणे आणि शिवणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. बाहेर कन्नड बोलणारी ही माणसे घरात जुन्या वळणाची मराठी बोलतात. चिकपेठेतील ज्या कारागिरांचा वर उल्लेख केला, तेही त्यांपैकीच एक.

आता जामा म्हणजे काय ते पाहू. जाम्याचा वरचा भाग अंगाला बेताचा बसणारा असतो. पुढचे दोन पदर एकमेकांवरून आडवे जातात आणि बगलेखाली बंदांनी बांधले जातात. या वस्त्राला बटण नाही. छातीच्या खालून मोठ्या घेराचा खालचा भाग सुरू होतो. तो गुडघ्यापर्यंत, पोटरीपर्यंत किंवा घोट्यापर्यंत येतो. बाह्या हातापेक्षा लांब आणि मनगटाशी अरुंद असतात. त्यामुळे त्या वर सरकवल्या की मनगटावर चुण्या पडतात. कमरेला शेला किंवा पटका. आपल्याकडील अंगरखा हे जाम्याचे जवळचे नातेवाईक, तर बाराबंदी हे त्याच घराण्यातले आखूड वस्त्र. त्याचे नावच बंदांवरून पडलेले आहे.

रूप ठरवण्यासाठी चित्रे पाहावीत, आणि तीही त्या काळची पाहावीत. शिवाजी महाराजांचे सतराव्या शतकातील एक चित्र आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. पेशवाईच्या अखेरच्या पर्वात जेम्स वेल्स हा चित्रकार पुण्यात आला होता. त्याने रंगवलेल्या सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांच्या चित्रावरून अठराव्या शतकाच्या अखेरचा पोशाख कळतो. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि अहमदाबादचे कॅलिको वस्त्रसंग्रहालय येथे जुनी वस्त्रे जतन केलेली आहेत. मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी भारतीय पोशाखावर १९५१ साली एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चित्रपटांतील पोशाख पाहून जामा शिवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे पुष्कळदा पाठीवर साखळी लावलेली असते आणि खांद्यात गादी भरलेली असते. अपवाद अर्थातच आहेत. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या भानू अथय्या यांना 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत.

चित्र पाहताना एक गोष्ट आवर्जून टिपावी. बंद उजवीकडे आहेत की डावीकडे? मोगल काळात मुसलमान सरदार जामा उजव्या बगलेखाली आणि हिंदू सरदार डाव्या बगलेखाली बांधीत, असा सर्वसाधारण संकेत होता. जुन्या चित्रांतील व्यक्ती ओळखण्यासाठी अभ्यासक आजही या खुणेचा उपयोग करतात. पदर चुकीच्या बाजूला गेला तर रंगमंचावरचा राजा जाणकार प्रेक्षकाला परका वाटेल. आपल्या जाम्यात म्हणून उजवा पदर वरून जाऊन डाव्या बगलेखाली बांधला जाईल.

अबुल फजलने 'ऐने-अकबरी'त अशाच एका अंगरख्यासारख्या वस्त्राला सात गज सात गिरह कापड लागते अशी नोंद केली आहे. एका गजाचे सोळा गिरह होतात. अकबराचा इलाही गज सुमारे ३३ इंचांचा धरला, तर हे कापड सहा मीटरांहून थोडे अधिक भरते. त्या काळचा पन्हा वेगळा असेल, हे खरे. तरीही हा आकडा लक्षात ठेवावा, कारण आपला हिशेबही याच आकड्याच्या जवळ जाणार आहे.

आता मापे घेऊ. समजा, नटाची छाती ३८ इंच, खांद्यांची रुंदी १६ इंच, मानेच्या मणक्यापासून छातीच्या खालच्या रेषेपर्यंत पाठीची लांबी १४ इंच आणि त्या रेषेपासून घोट्याच्या वरपर्यंत ४० इंच भरले. हाताची लांबी २४ इंच आहे. मनगटाचे माप मात्र मनगटाभोवती घ्यायचे नाही. अंगठा तळहातात दुमडून पंजाभोवती टेप फिरवावी, कारण बंद बाहीतून पंजाच जायचा असतो. ते ९ इंच भरले असे धरू.

छातीच्या ३८ इंचांत ६ इंच सैलपणा मिळवून वरच्या भागाचा घेर ४४ इंच ठेवावा. आत अस्तर येणार, अंगात बंडी असणार आणि नटाला तलवार उपसायची असणार. हे ४४ इंच असे वाटावेत. पाठ १६, पुढचा भाग १६ आणि उरलेले १२ इंच दोन्ही बगलांखाली. म्हणजे प्रत्येक बगलेखाली तीन-तीन इंचांच्या दोन पट्ट्या आल्या. या पट्ट्या खाली निमुळत्या करून दोन-दोन इंचांवर आणल्या, की छातीखालच्या रेषेवर घेर ४० इंच राहतो. बाही वरच्या टोकाला १४ इंच रुंद आणि मनगटाशी ९ इंच. लांबी २४ अधिक चुण्यांसाठी ८, म्हणजे ३२ इंच. बाहीचे १४ इंच खांद्यावरून निम्मे पुढे आणि निम्मे मागे उतरतात. म्हणजे मुंढा ७ इंचांवर संपतो. पाठीच्या १४ इंचांतून हे ७ वजा केले, की बगलेखालच्या पट्टीची उंची ७ इंच निघते. एक माप दुसऱ्या मापातून कसे निघते, हे येथे नीट पाहावे. नमुना नसताना आपला आधार एवढाच असतो.

आता या वस्त्रातील सर्वांत लहान आणि सर्वांत महत्त्वाचा तुकडा. त्याला चौबगला म्हणतात. तीन इंचांचा हा साधा चौकोन बाही आणि अंग यांच्या सांध्यात, अगदी काखेत बसतो. त्याच्या दोन बाजू बाहीच्या पुढच्या-मागच्या कडांना आणि उरलेल्या दोन बाजू बगलेच्या दोन पट्ट्यांच्या माथ्यांना जोडायच्या. हात खाली असताना तो कर्णावर दुमडून लपून राहतो. हात वर गेला की तो उलगडतो आणि बाहीला हवे असलेले कापड पुरवतो. चौबगला नसेल तर हात उचलताच सगळा जामा वर ओढला जातो, किंवा काखेतली शिवण उसवते. भर प्रयोगात राजाची काख फाटल्यावर प्रेक्षक गंभीर राहतील, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

खालच्या घेरासाठी कळ्या लागतात. कळी म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद असलेला लांबट तुकडा. आधी वरच्या रेषेची लांबी काढू. जामा पुढे उघडा असतो आणि त्याचे दोन्ही पदर पूर्ण रुंदीचे असतात. म्हणून पाठीचे १६, बगलांचे ४ आणि ४, आणि दोन पदरांचे १६ आणि १६, असे एकूण ५६ इंच झाले. कळी वर ४ इंच ठेवली तर ५६ भागिले ४, म्हणजे १४ कळ्या. त्या कशा बसतात पाहा. पाठीला चार, प्रत्येक बगलेला एक आणि प्रत्येक पदराला चार. शिवणी एकाखाली एक येतात, कोठेही ओढाताण नाही. कळी खाली १४ इंच रुंद ठेवली, की घेर चौदा चोक छप्पन्न नव्हे, तर चौदा चौदे एकशे शहाण्णव इंच होतो. म्हणजे जवळजवळ पाच मीटर.

कारागिरांनी पहिला प्रश्न पन्ह्याचा का विचारला, ते आता कळेल. शिवणीसाठी दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच मिळवला की कळी वर ५ आणि खाली १५ इंच होते. ५ आणि १५ मिळून २०. म्हणून २० इंच रुंदीच्या पट्ट्यात एक कळी सरळ आणि दुसरी उलटी ठेवली, तर एकाच तिरप्या कापात दोन कळ्या निघतात आणि चिंधीसुद्धा वाया जात नाही. ४० इंच पन्ह्यात असे दोन पट्टे बसतात, म्हणजे चार कळ्या. कापड ३६ इंच पन्ह्याचे असेल तर पट्टा १८ इंचांचा होतो. कळी वर ५ आणि खाली १३ इंच कापावी लागते आणि घेर एकशे अडुसष्ट इंचांवर येतो. जाम्याचा घेर राजाच्या ऐपतीवर ठरत असेल, पण शिंप्याच्या लेखी तो पन्ह्यावरही ठरतो.

कळीची लांबी ४० इंच, शिवण आणि तळाची दुमड यांसाठी २ इंच, एकूण ४२. चौदा कळ्यांना ४२ इंचांच्या साडेतीन लांब्या लागतात. चौथी लांबीही पूर्ण कापावी. तिच्यातला २० इंच रुंद आणि ४२ इंच लांब असा अर्धा भाग आपल्याला उरतो. बाह्यांसाठी १५ इंच रुंदीचे दोन तुकडे शेजारी-शेजारी ठेवले की ३४ इंच कापड लागते. पाठ आणि दोन पदर असे १७ इंच रुंद आणि १६ इंच उंच तीन तुकडे हवेत. त्यांतले दोन शेजारी-शेजारी बसतात, त्यांना १६ इंच लागतात. तिसरा तुकडा त्या उरलेल्या अर्ध्या भागातून काढावा. बगलेच्या पट्ट्या आणि चौबगले बाह्यांशेजारच्या दहा इंचांच्या फालतूत निघतात. बंद आणि गळ्याचा गोट तिसऱ्या तुकड्याखाली राहिलेल्या कापडातून निघतात. आता बेरीज करा. १६८, ३४ आणि १६ मिळून २१८ इंच, म्हणजे साडेपाच मीटरांहून थोडे अधिक. सुती कापड भिजल्यावर आटते. सहा मीटरांमागे वीस-पंचवीस सेंटीमीटर सहज जातात. म्हणून सहा मीटर घ्यावे, रात्रभर भिजवावे, सुकवून इस्त्री करावी आणि मगच खडू हाती धरावा.

मखमल किंवा एकाच दिशेने चढणारी नक्षी असलेले कापड घेतले तर मात्र हा हिशेब कोसळतो. कळी उलटी ठेवली की नक्षीतील फुलेही उलटी होतात आणि मखमलीची लव उलट्या दिशेने चमकते. अशा वेळी सर्व कळ्या एकाच दिशेने ठेवाव्या लागतात आणि कापड पुष्कळच अधिक लागते. नवशिक्याने पहिला जामा साध्या, एकरंगी सुती कापडाचा करावा. किंबहुना त्याआधी स्वस्त मांजरपाटाचा केवळ वरचा भाग आणि एक बाही कापून, कच्च्या दोऱ्याने टाचून नटाच्या अंगावर घालून पाहावी. त्याला हात वर करायला, बसायला आणि वाकायला सांगावे. जेथे ताण पडेल तेथे खडूची खूण करावी. हा दीड-दोन मीटर मांजरपाट म्हणजेच आपला नमुना. तो उसवून ठेवला तर पुढच्या वेळीही उपयोगी पडतो. चांगल्या कापडावर चुकीची कात्री चालली, तर सहा मीटरांची किंमत शिवणाऱ्याच्या मजुरीतून जाते. घाई झाली म्हणून ही पायरी गाळणारे पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतील बहुतेकांना दुसऱ्यांदा कापड आणावे लागले.

शिवणाचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. प्रथम खांदे जोडावेत. पाठीचा गळा ६ इंच रुंद आणि एक इंच खोल ठेवावा. म्हणजे दोन्हीकडे खांद्याचे पाच-पाच इंच राहतात. पदराची तिरपी कड खांद्याच्या गळ्याकडील टोकापासून निघून समोरच्या बगलेकडे, खांद्याच्या रेषेपासून ९ इंच खाली उतरावी. त्याखालचे पाच इंच सरळ ठेवावेत. ही तिरपी कड हाताळताना ताणली जाते. म्हणून कापल्याबरोबर तिच्यालगत धावदोरा घालावा आणि मगच गोट लावावा. मलमलीचे अस्तर याच वेळी बसवावे.

नंतर बाह्या अंगाला जोडाव्यात आणि बगलेच्या पट्ट्या पाठीला व पदरांना. हे सारे कापड उघडे, सपाट असतानाच करावे. चौबगल्याच्या दोन बाजू आधी मागच्या अंगाला शिवाव्यात आणि मग पुढच्या. कोपऱ्यावर पोहोचताना शिवण अर्धा इंच अलीकडेच थांबवावी. सुई कोपऱ्याच्या पुढे गेली की काखेत कायमची चुणी बसते आणि ती कोणत्याही इस्त्रीने निघत नाही. शेवटी मनगटापासून चौबगल्यापर्यंत आणि तेथून पट्टीच्या तळापर्यंत उरलेली शिवण पूर्ण करावी. बंद बगलेपाशी आणि छातीखालच्या रेषेवर असे दोन ठिकाणी लावावेत. खालचा पदर आतून बांधण्यासाठी एक जोड उजव्या बगलेच्या आतल्या बाजूस लागतो. त्याचा पुष्कळांना विसर पडतो आणि मग आतला पदर प्रयोगभर लोंबत राहतो.

कळ्या जोडताना एक नियम कटाक्षाने पाळावा. आपण कापलेल्या प्रत्येक कळीची एक कड सरळ आहे आणि दुसरी तिरपी. एका कळीची सरळ कड नेहमी शेजारच्या कळीच्या तिरप्या कडेला जोडावी. तिरपी कड लोंबते, सरळ कड तिला सावरून धरते. दोन तिरप्या कडा एकत्र आल्या तर ती शिवण काही दिवसांत लांबते आणि घेराला लाटा पडतात. तिरपी कड सरळ कडेपेक्षा इंचभराने लांबही असते. म्हणून शिवण वरच्या टोकापासून सुरू करावी आणि जास्तीचे कापड खाली सोडून द्यावे. लांब शिवणी यंत्रावर घालण्यास हरकत नाही. गळ्याचा गोट, बंद आणि तळाची दुमड या दिसणाऱ्या जागा मात्र हाताने शिवाव्यात. यंत्राची टीप रंगमंचाच्या उजेडात चटकन डोळ्यांत भरते.

कळ्यांचा घेर वरच्या भागाला जोडून झाला, की तळ लगेच दुमडू नये. जामा हँगरला अडकवून निदान एक रात्र, शक्य तर दोन रात्री, तसाच लोंबत ठेवावा. कापड आपल्या वजनाने उतरू द्यावे. दुसऱ्या दिवशी तो नटाला घालावा, पटका आवळावा आणि प्रयोगात जे जोडे असतील तेच पायांत घालायला सांगावे. नटाने एका जागी सरळ उभे राहावे आणि आपण जमिनीवर उभी पट्टी धरून त्याच्याभोवती फिरत, घोट्याच्या वर एकाच उंचीवर खडूच्या खुणा कराव्यात. काही कळ्या एक इंच, तर काही दीड इंच उतरलेल्या आढळतील. खुणांवरून कापून मग ती १९६ इंचांची दुमड हातशिलाईने घालायला बसावे. तिला एक पूर्ण दुपार लागते.